पंचवीस दिव्यांचे गणित



कामगार संघटनेत उभी हयात घालवलेल्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानमालेत बोनसवर, किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असते. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही दिवे विझवण्याच्या एका खेळाचे गणित सांगू म्हटले, आणि पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. ती शांतता आम्ही समजू शकतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही गणित आले ते वाचनालयातल्या बाकावर आणि कामगारांच्या रात्रवर्गात. पण आज जे सांगणार आहोत त्याला सम आणि विषम यांतला फरक कळण्याइतकेच भांडवल पुरेसे आहे. हा विषय आम्ही का निवडला, तेही ओघाने येईलच.

आरंभ घरातूनच करू. जिन्याला एक दिवा असतो आणि त्याची दोन बटणे असतात, एक खाली आणि एक वर. वायरमन त्यांना टू-वे बटणे म्हणतात. खालचे बटण कोणत्या बाजूला कलले आहे एवढे पाहून दिवा लागलेला आहे की विझलेला, हे सांगता येत नाही. मात्र सुरुवातीला दिवा विझलेला होता आणि दोन्ही बटणे मिळून सात वेळा दाबली गेली, एवढे कळले की दिवा लागलेला आहे हे न पाहता सांगता येते. कोणी दाबले, कोणते आधी दाबले, याला काही महत्त्व नाही. एकूण संख्या विषम असेल तर उजेड, सम असेल तर अंधार. आजच्या साऱ्या गणिताचे बीज या जिन्यातच आहे.

आता खेळ पाहू. १९९५ साली अमेरिकेतल्या टायगर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'लाइट्स आउट' नावाचे एक खेळणे बाजारात आणले. त्यात पाच आडव्या आणि पाच उभ्या रांगांत मिळून २५ बटणे होती आणि प्रत्येक बटणात एक दिवा होता. बटण दाबले की तो दिवा तर पालटतोच, म्हणजे लागलेला असेल तर विझतो आणि विझलेला असेल तर लागतो; पण त्याच्या वरचा, खालचा, डावा आणि उजवा असे चार शेजारीही पालटतात. तिरपे शेजारी धरायचे नाहीत. कोपऱ्यातल्या घराला दोनच शेजारी आणि कडेच्या घराला तीन. काही दिवे लागलेले असतात, ते सगळे विझवायचे, एवढाच खेळ. त्याच्या आधी, १९७८ साली, पार्कर ब्रदर्सच्या 'मर्लिन' या खेळण्यात नऊ दिव्यांचा याच जातीचा एक डाव होता.

खेळणे विकत आणण्याची गरज नाही. पंचवीस नाणी घ्या आणि टेबलावर पाच बाय पाच मांडा. छापा म्हणजे लागलेला दिवा, काटा म्हणजे विझलेला. एखाद्या घरावर बोट ठेवले की ते नाणे आणि त्याचे शेजारी उलटायचे. आम्ही हा खेळ प्रथम असाच पाहिला. तो प्रसंग सांगितल्याखेरीज पुढे जाता येणार नाही.

गोष्ट १९९८ च्या पावसाळ्यातली आहे. एका कारखान्यात (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही) जेवणाच्या सुटीत एका तरुण इंजिनिअर साहेबांनी नाणी मांडली. चोवीस नाणी काट्याची. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातले एक तेवढे छापा. समोर आमचे एक फिटर मित्र बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. यंत्राचा आवाज ऐकून कोणते बेअरिंग गेले हे सांगणारा माणूस. साहेब म्हणाले, "अण्णा, एकच नाणं उलटं आहे, बाकी चोवीस बरोबर आहेत. आठ दिवसांत जमवून दाखवा. जमलं तर सगळ्या खात्याला चहा माझ्याकडून."

अण्णा आठ दिवस झटले. घरी रात्री नाणी मांडून बसत. पुष्कळ प्रयत्नांती त्यांना एक रीत सापडली. तिने सगळी नाणी काट्यावर येत, पण एक छापा शेवटी उरेच, आणि तोही नेमका समोरच्या कोपऱ्यात. जणू कोणी हाताशी आलेले काम हिसकावून पलीकडे ठेवत होते. नवव्या दिवशी त्यांनी नाणी परत केली. साहेब हसले. त्यात दुष्टावा नव्हता. "जाऊ द्या अण्णा, याला डोकं लागतं," एवढेच म्हणाले.

त्या वर्षी अण्णा आमच्या रात्रवर्गात दहावीची तयारी करत होते. बाहेरून बसणाऱ्यांचा १७ नंबरचा अर्ज भरायचा होता. तो त्यांनी भरला नाही आणि वर्गही सोडला. आम्ही घरी गेलो तर म्हणाले, "मास्तर, गणित आपल्या डोक्यात नाही. आता खात्री झाली." आम्ही पुष्कळ समजावले, परंतु कोडे आम्हालाही सुटले नव्हते. तेव्हा आमच्या समजावण्यात जोर तो काय असणार!

काही वर्षांनी एका निवृत्त प्राध्यापकांनी आम्हाला शेजारी बसवून या खेळाचे गणित शिकवले. ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट अशी की दाबण्याच्या क्रमाला काही अर्थ नाही. कोणताही दिवा किती वेळा पालटला एवढ्यावरच त्याची अखेरची स्थिती ठरते, अगदी जिन्यातल्या दिव्यासारखी. दुसरी गोष्ट अशी की एकच घर दोनदा दाबणे म्हणजे न दाबण्यासारखेच. यावरून मोठीच सोय होते. आधी काय, नंतर काय, ही चिंता संपली. प्रत्येक घराबद्दल 'दाबायचे' किंवा 'दाबायचे नाही' एवढाच निर्णय उरला. असे निर्णय २५. म्हणजे दाबण्याचे एकूण प्रकार २ चा २५ वा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२. आणि दिव्यांच्या मांडण्याही तेवढ्याच, कारण प्रत्येक दिव्याच्या स्थिती दोनच.

सम-विषमाच्या या हिशेबात एक आणि एक मिळून शून्य होते. ज्या अंकगणितात मोजकेच अंक असतात आणि तरी बेरीज-गुणाकार-भागाकार नीट चालतात, त्याचा पाया एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने १८३० साली घातला. गाल्वा हा प्रजासत्ताकाचा कडवा पुरस्कर्ता होता. १८३१ साली तो तुरुंगात गेला आणि १८३२ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात मारला गेला. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला या तरुणाबद्दल विशेष जवळीक वाटली तर वाचकांनी क्षमा करावी.

मांडण्या जितक्या तितकेच दाबण्याचे प्रकार. मग प्रत्येक मांडणीच्या वाट्याला एक प्रकार आला तर सर्व मांडण्या सुटतील. चार दिव्यांच्या, म्हणजे दोन बाय दोनच्या चौकोनात असेच होते. तेथे कोणताही एकच दिवा पालटायचा असेल तर तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी अशी तीन घरे दाबावीत. तो दिवा तीनदा पालटतो. उरलेले तिन्ही दोन-दोनदा पालटून जागच्या जागी राहतात. एकेक दिवा हवा तसा पालटता आला की कोणतीही मांडणी हाती आलीच. तीन बाय तीनच्या चौकोनातही तसेच आहे: ५१२ मांडण्या, सगळ्या सुटणाऱ्या, आणि प्रत्येकीला उत्तर एकच. तेथे नऊच्या नऊ दिवे लागलेले असतील तर चार कोपरे आणि मधले घर दाबावे. घरी करून पाहा.

परंतु पाच बाय पाचमध्ये एक गोम आहे. पुढील नमुना पाहा. जेथे १ आहे ते घर दाबायचे, जेथे ० आहे ते सोडायचे.

१ ० १ ० १
१ ० १ ० १
० ० ० ० ०
१ ० १ ० १
१ ० १ ० १

ही बारा घरे दाबली तर काय होईल? काहीच होणार नाही. एकूण एक दिवा शून्य वेळा किंवा दोन वेळा पालटतो. बारा दाबण्या खर्ची पडल्या आणि पटावर यत्किंचितही फरक नाही. अशा नमुन्याला आम्ही 'मूक नमुना' म्हणतो. दुसरा मूक नमुना हाच, काटकोनात फिरवलेला:

१ १ ० १ १
० ० ० ० ०
१ १ ० १ १
० ० ० ० ०
१ १ ० १ १

हे दोन्ही एकावर एक ठेवले तर सोळा घरांचा तिसरा तयार होतो. काहीच न दाबणे हा चौथा. यापलीकडे मूक नमुना नाही. ते तपासणेही अवघड नाही. मूक नमुन्याची पहिली रांग ठरवली की खालच्या रांगा आपोआप ठरत जातात, कारण वरच्या रांगेतला दिवा जागच्या जागी ठेवण्याचे काम खालच्या घराकडेच येते. पहिल्या रांगेचे प्रकार ३२. त्यांतले चारच शेवटपर्यंत निभावतात.

आता खरी किल्ली. मूक नमुन्याचा अर्थ असा की पटावरच्या कोणत्याही घराजवळ, म्हणजे ते घर आणि त्याचे शेजारी धरून, नमुन्यातली घरे सम संख्येनेच असतात. हेच वाक्य उलट बाजूने वाचा: पटावरचे कोणतेही घर दाबले तरी नमुन्याच्या बारा घरांपैकी सम संख्येचेच दिवे पालटतात. म्हणून त्या बारा घरांत लागलेले दिवे सुरुवातीला विषम असतील, तर तुम्ही आठ दिवस दाबा की आठ वर्षे दाबा, ते विषमच राहणार. सगळे विझणे म्हणजे शून्य दिवे. आणि शून्य ही सम संख्या आहे. तेथे पोचण्याचा मार्गच नाही.

अण्णांच्या मांडणीला ही कसोटी लावा. एकच दिवा, कोपऱ्यातला. कोपरा पहिल्या नमुन्यात आहे. त्या नमुन्यात लागलेला दिवा एक, म्हणजे विषम. हिशेब संपला. ते कोडे सुटणारेच नव्हते. अण्णांना नव्हे, साहेबांना नव्हे, जगातल्या कोणत्याही गणितज्ञाला ते सुटले नसते. समोरच्या कोपऱ्यात उरणारा तो दिवा अण्णांची चूक नव्हती; चारही कोपरे दोन्ही नमुन्यांत येतात, म्हणून एका कोपऱ्यातले विषम ते दुसऱ्या कोपऱ्यात लोटू शकले, नाहीसे करू शकले नाहीत. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दिवा नेण्यासाठी आठ घरे दाबावी लागतात, आणि त्यांनी ती आठ घरे कोणाच्या मदतीशिवाय शोधली होती.

एकच दिवा लागलेला असेल तर तो कोठे असताना विझवता येतो? जी घरे दोन्ही नमुन्यांबाहेर आहेत तेथेच. अशी घरे पंचवीसपैकी पाच: अगदी मधले, आणि त्याच्या चार तिरप्या शेजाऱ्यांची. बाकी वीस जागी एकटा दिवा अमर आहे.

एकंदर मांडण्यांचा हिशेबही येथेच लागतो. मूक नमुने चार, म्हणून एकच परिणाम घडवणारे दाबण्याचे प्रकार नेहमी चार-चारच्या गटाने येतात. तेव्हा निरनिराळे परिणाम ३,३५,५४,४३२ चे एक चतुर्थांश, म्हणजे ८३,८८,६०८. दुसरीकडून, दोन्ही नमुन्यांत सम दिवे असलेल्या मांडण्याही बरोबर एक चतुर्थांशच भरतात. सुटणारी प्रत्येक मांडणी दोन्ही कसोट्यांना उतरते, आणि दोन्हीकडचे आकडे सारखे; म्हणून कसोटीला उतरलेली प्रत्येक मांडणी सुटतेच. कोणी डोळे मिटून पंचवीस नाणी मांडली तर चारांतल्या तीन वेळा ते कोडे अशक्य असणार. मार्लो अँडरसन आणि टॉड फाइल या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९९८ साली 'मॅथेमॅटिक्स मॅगझिन'मधल्या लेखात हे सारे मांडले. योगायोग असा की अण्णांची नाणी ज्या वर्षी मांडली गेली, त्याच वर्षी.

सुटणारी मांडणी सोडवायची कशी? रीत सोपी आहे. पहिल्या रांगेत जेथे दिवा लागलेला असेल त्याच्या बरोबर खालचे, दुसऱ्या रांगेतले घर दाबा. पहिली रांग विझली. मग दुसऱ्या रांगेतल्या दिव्यांसाठी तिसऱ्या रांगेतली घरे दाबा, आणि असेच खाली या. अखेर सगळा उजेड पाचव्या रांगेत गोळा होतो. अण्णांनी शोधलेली रीत ती हीच. शेवटची रांगही विझलेली निघाली तर उत्तम. नाहीतर पुढील तक्ता पाहा. डावीकडून मोजायचे; शेवटच्या रांगेत कोणते दिवे उरले, आणि त्यासाठी पहिल्या रांगेतली कोणती घरे दाबायची, ते दिले आहे.

उरले २, ३, ५ : दाबा १
उरले १, २, ३ : दाबा २
उरले १, २, ४, ५ : दाबा ३
उरले ३, ४, ५ : दाबा ४
उरले १, ३, ४ : दाबा ५
उरले १, ५ : दाबा १ आणि २
उरले २, ४ : दाबा १ आणि ४

ती घरे दाबली की पुन्हा वरून खाली तीच रीत चालवायची, आणि सगळा पट विझतो. शेवटच्या रांगेत या सातांखेरीज दुसरे काही उरले तर मांडणी अशक्य समजावी. एक उदाहरण करून पाहा. फक्त मधला दिवा लावा. त्याच्या खालचे, चौथ्या रांगेतले तिसरे घर दाबा. चौथ्या रांगेत २, ३, ४ लागतील. पाचव्या रांगेतली २, ३, ४ घरे दाबा. शेवटी १ आणि ५ उरतील. तक्ता सांगतो, पहिल्या रांगेतले १ आणि २ दाबा. तेथून पुन्हा खाली या, अंधार तुमचाच आहे. प्रत्येक सुटणाऱ्या मांडणीला चार उत्तरे असतात. त्यांतले सर्वांत आखूड निवडले तर कोणत्याही मांडणीला १५ पेक्षा अधिक दाबण्या लागत नाहीत.

पट मोठा केला तर काय होईल? येथे निसर्ग सरळ चालत नाही. दोन, तीन, सहा, सात आणि आठ घरांच्या बाजूचे चौकोन पूर्ण सुटणारे आहेत. चार, पाच आणि नऊचे नाहीत. चार बाय चारमध्ये ६५,५३६ मांडण्यांपैकी ४,०९६ सुटतात, म्हणजे सोळांत एक. नऊ बाय नऊमध्ये २५६ मांडण्यांत एक. आठाचा पट निर्धोक आणि नवाचा इतका दगाबाज! नुसता आकार पाहून बांधलेला अंदाज चुकतो, मोजावेच लागते.

या सगळ्या अशक्यतेत एक आशेची गोष्टही आहे, आणि आम्हाला सर्वांत आवडलेली तीच आहे. पट केवढाही असो, चौकोनी असो की वेडावाकडा, शेजार कसाही ठरवलेला असो (फक्त तो परस्परांचा हवा). सगळेच्या सगळे दिवे लागलेले असतील, तर ते सगळे नेहमी विझवता येतातच. हे क्लाउस सुटनर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केले. याची सिद्धता सभेतल्या हस्तांदोलनासारखी सोपी आहे.

समजा एका सभेत काही माणसांनी एकमेकांशी हात मिळवले. प्रत्येकाने आपण किती हात मिळवले ते सांगितले आणि आपण सगळ्यांची बेरीज केली. प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या मोजणीत आले, म्हणून बेरीज समच येणार. आता प्रत्येकाचा आकडा विषम असेल तर? विषम आकड्यांची बेरीज सम येण्यासाठी ते आकडे सम संख्येने हवेत. म्हणजे माणसे सम संख्येचीच असणार. अठराव्या शतकात ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचा प्रश्न सोडवताना हाच हिशेब वापरला होता.

हे मूक नमुन्याला लावा. नमुन्यातले कोणतेही घर घ्या. ते एकूण सम वेळा पालटते. त्यातली एक वेळ त्याचे स्वतःचे दाबणे. उरलेल्या वेळा शेजाऱ्यांच्या दाबण्यामुळे, आणि त्या विषम झाल्या. म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येक घराला नमुन्यातलेच शेजारी विषम संख्येने आहेत. शेजार म्हणजे हस्तांदोलन समजा, की लगेच निष्कर्ष येतो: कोणत्याही मूक नमुन्यातली घरे सम संख्येचीच असतात. आमच्या नमुन्यांत ती बारा, बारा आणि सोळा आहेत, पाहा. मग सगळे दिवे लागलेले असताना प्रत्येक नमुन्यात लागलेले दिवे समच असणार. सगळ्या कसोट्या एकदम पार पडल्या. आणि पाच बाय पाचसाठी आपण मोजून पाहिले तेच सर्वत्र खरे आहे, हे बीजगणिताने सिद्ध झालेले आहे: सगळ्या मूक नमुन्यांच्या कसोटीला उतरलेली मांडणी सुटतेच.

पाच बाय पाचमध्ये पंचवीसही दिवे विझवण्यासाठी पुढील पंधरा घरे दाबावीत:

१ १ ० ० ०
१ १ ० १ १
० ० १ १ १
० १ १ १ ०
० १ १ ० १

चार बाय चारमध्ये तर चारच दाबण्या पुरतात: पहिल्या रांगेतले दुसरे, दुसरीतले चौथे, तिसरीतले पहिले आणि चौथीतले तिसरे घर. प्रत्येक दिवा बरोबर एकदा पालटतो. एकटा कोपरा विझत नाही, पण सगळे मिळून विझतात. संघटनेच्या माणसाला यात आणखी काही दिसले तर नवल नाही. परंतु गणिताच्या तोंडी आमची घोषणा घालण्याचा मोह आम्ही आवरतो.

हा नुसता रिकामपणाचा उद्योग आहे काय, असे कोणी विचारील. ठराविक घरांतली संख्या सम आहे की विषम हे पाहून आतली गोष्ट ओळखणे, हीच युक्ती रिचर्ड हॅमिंग यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वापरली आणि १९५० साली प्रसिद्ध केली. शून्य-एकच्या भाषेत पाठवलेल्या संदेशात वाटेत एखादा अंक बिघडला, तर सम-विषमाच्या काही कसोट्या लावून कोणता अंक बिघडला ते शोधायचे आणि दुरुस्त करायचे. या कल्पनेची लेकरे-नातवंडे आज संगणकांत आणि दळणवळणाच्या यंत्रांत राबत आहेत.

आता अण्णांकडे परत जाऊ. गणित समजले त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते. नाणी मांडली, मूक नमुना दाखवला, आणि प्रत्येक घर दाबल्यावर बारांतली किती नाणी उलटतात ते त्यांना मोजायला सांगितले. पंचवीसही घरे त्यांनी एकेक करून तपासली. आमच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, हे आम्हाला फार आवडले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे आठ दिवस मी चुकत नव्हतो."

"नव्हता, अण्णा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मास्तर?"

"तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं. आणि साहेबांनाही नव्हतं."

त्यांनी मधले नाणे छापा करून ठेवले, "हे सुटतं ना?" असे विचारले, आणि तक्ता हातात घेऊन ते सोडवले. १७ नंबरचा अर्ज मात्र त्यांनी पुढे कधी भरला नाही. ती वेळ निघून गेली होती.

आमचे सांगणे एवढेच आहे. न जमलेल्या कामापाशी दोन निरनिराळे प्रश्न असतात: करणारा कमी पडला काय, आणि काम होण्याजोगे होते काय. आपल्याकडे पहिला प्रश्न ताबडतोब विचारला जातो, शाळेत विचारला जातो, कारखान्यात विचारला जातो. दुसरा विचारायला कोणाला सवड नसते. काम देणाऱ्याने ते शक्य आहे याची आधी खातरजमा केलेली नसते, आणि न झाल्याचा डाग मात्र करणाऱ्याच्या कपाळी लागतो. आम्हीही याला अपवाद नाही. अशक्य मागण्यांसाठी माणसांना उन्हात बसवून ठेवण्याचा दोष संघटनांच्या पुढाऱ्यांच्या हातूनही घडलेला आहे. आणि शक्य असलेल्या गोष्टी अशक्य म्हणून सोडून देण्याचाही.

गणित येथे कोणाची बाजू घेत नाही, म्हणूनच ते उपयोगी पडते. ते म्हणते, आधी मोजा. बारा घरांतले दिवे मोजायला एक मिनिट पुरते. ते एक मिनिट १९९८ साली कोणी दिले असते, तर एका चांगल्या फिटरची आठ दिवसांची झोप वाचली असती, आणि आमच्या रात्रवर्गातला एक बाक रिकामा झाला नसता. आज घरी गेल्यावर पंचवीस नाणी मांडा. मुलांसमोर मांडणार असाल, तर आधी कसोटी लावून पाहा आणि मगच त्यांना सोडवायला द्या.